झेंडूच्या हारातला कोळी

“पण मग माझ्याच अंगावर का, नाना?”

“तुझ्या अंगावर फुलं होती.”

एवढं बोलून नानांनी सुईत दोरा ओवायला घेतला. दोरा तीनदा चुकला, पण त्यांनी यादवकडे मदत मागितली नाही.

यादव पायरीवर बसला होता. मधे झेंडूच्या फुलांची भरलेली पाटी होती आणि त्या पाटीपासून जितकं लांब बसता येईल तितका लांब तो बसला होता. नानांनी ते पाहिलं होतं.

वडजीचा हा मठ नदीच्या काठावर आहे. नाना इथले वृद्ध महाराज. एके काळी त्यांचं कीर्तन ऐकायला लोक बैलगाड्या जोडून यायचे. आता आवाज बसला, तेव्हापासून ते मठामागच्या वाफ्यात झेंडू आणि शेवंती लावतात आणि देवाचे हार स्वतः ओवतात. यादव त्यांचाच शिष्य. ‘यादवबुवा सेलूकर’ असं नाव आता पत्रिकांवर छापून येतं.

मठाच्या उत्सवाचा आज शेवटचा दिवस होता आणि दुपारी यादवचं कीर्तन होतं. तो सकाळीच आला होता, ते करणार नाही हे सांगायला. आजचंच नव्हे, यापुढे कुठलंच.

झालं होतं ते असं.

यादवचं नाव झालं ते एका आख्यानावर. राजानं सापांच्या खड्ड्यात फेकून दिलेल्या बाळभक्ताचं आख्यान. ते सांगताना त्याची छाती फुलायची. “अरे, भीती ती कसली?” असं तो गरजला की पुढे बसलेली म्हातारी माणसंसुद्धा ताठ व्हायची.

कीर्तनाचा पूर्वार्ध संपला की मधे थोडं थांबायची रीत आहे. यजमान उठतात, बुवांच्या कपाळी बुक्का लावतात, देवाच्या गळ्यातला हार काढून बुवांच्या गळ्यात घालतात. मग आख्यान सुरू होतं.

एका मोठ्या गावी असाच हार घातला. जाडजूड, झेंडूचा. आख्यान रंगात आलं. यादवनं दोन्ही हात पसरले आणि म्हणाला, “खड्ड्यात साप फुत्कारतायत, आणि पोर हसतंय! पोर...”

तेवढ्यात त्याच्या मानेवरून काहीतरी चाललं.

हळूच. कानाच्या दिशेनं.

यादव असा किंचाळला की पेटीवाल्याचे हात पट्ट्यांवरच राहिले. हार त्यानं ओरबाडून फेकला. त्यावर नाचला. मुगाएवढा एक पिवळा कोळी त्याच्या उपरण्यावरून खाली पडला आणि सतरंजीच्या घडीत निघून गेला. आणि यादवच्या पायाखाली देवाचा हार चुरगळलेला...

आधी एक माणूस हसला. मग सगळा मंडप.

तेव्हापासून त्याला ‘कोळीबुवा’ म्हणायला लागले. पुढच्या गावी त्यानं सांगितलं, मला फुलांनी शिंका येतात, हार नको. खरं वाटावं म्हणून दोन खोट्या शिंकाही दिल्या. त्याच्याही पुढच्या गावी पायावर नारळ ठेवायला आलेला माणूस म्हणाला, “बघून घ्या बुवा, शेंडीत काही नाही ना.”

“मग काय करायचं ठरवलंस?” नानांनी विचारलं.

“मामाचं दुकान आहे सेलूला. किराण्याचं. तिथे बसेन.”

“किराण्याच्या दुकानात कोळी नसतात?”

यादवला हसू आलं नाही.

“नाना, थट्टा करू नका. काहीतरी द्या. एखादा मंत्र द्या, जप सांगा. ही भीती तेवढी काढून टाका. मी अभयावर बोलतो आणि मुगाएवढ्या किड्याला भितो... हे लोकांना काय तोंडानं सांगू?”

नानांनी पाटीतलं एक फूल उचललं, उलटं धरलं, देठावर बोटानं हलकेच टिचकी मारली. थांबले. मग ओवलं.

दुसरं उचललं. टिचकी. थांबले. ओवलं.

“चावेल म्हणून भितोस?”

“नाही. एवढासा तो, काय चावणार.”

“विष?”

“नाही.”

“दिसायला वाईट आहे म्हणून?”

“दिसला कुठे होता तेव्हा? मानेवर होता.”

“म्हणजे कोळी आहे हे किंचाळल्यावर कळलं.”

“...हो.”

“मग किंचाळलास ते कुणाला?”

यादव वाफ्याकडे वळला. मग हळू आवाजात म्हणाला, “चालण्याला. काहीतरी जिवंत माझ्या अंगावरून चाललं होतं. न विचारता. कुत्रा आला तर भुंकतो, नाना. साप फुत्कारतो. माशी गुणगुणते. हा काहीच सांगत नाही. याला चेहरा नाही. रागावलाय, की निघून चाललाय, की माझ्याकडेच बघतोय... काही कळत नाही. एवढे पाय, आणि आवाज एकाचाही नाही.”

“हं,” नाना म्हणाले. “खरं आहे.”

यादव चमकला. नाना ‘खरं आहे’ म्हणतील असं त्याला वाटलं नव्हतं. त्याला वाटलं होतं, ते म्हणतील देहाची आसक्ती सोड.

नानांनी पाटी त्याच्याकडे सरकवली.

“यात एक आहे.”

यादव उठूनच उभा राहिला.

“बस. कुठे आहे ते सांग. हात लावू नकोस, नुसता बघ.”

“नाना...”

“दुपारी किराण्याच्या दुकानात जाणारच आहेस. आत्ता बघायला काय जातं?”

यादव उकिडवा बसला. आधी मान लांब ठेवून पाहिलं. नुसता पिवळा ढीग. मग थोडं वाकला. पाकळ्यांच्या घड्या, मधली बारीक पुंकेसरं, एका फुलावर मुंगी, एका पाकळीला पडलेलं भोक. कोळी कुठेच नाही. तो आणखी वाकला. आता त्याचं नाक पाटीच्या काठाशी आलं होतं. झेंडूचा उग्र वास डोक्यात जात होता. एकेक फूल तो डोळ्यांनी उलटंपालटं करत होता. मठाच्या विहिरीवर कुणी पाणी काढत होतं, मंडपात सतरंज्या झटकत होते. त्याला काही ऐकू येत नव्हतं.

“नाही दिसत,” तो पुटपुटला. “नाना, उगाच सांगता. इथे काहीच...”

मग एका फुलाच्या मधोमध एक पाकळी श्वास घेतल्यासारखी हलली.

ती पाकळी नव्हती.

यादव मागे उडाला. पाय पाटीला लागला, पाटी कलंडली, झेंडू ओसरीभर घरंगळले.

नाना पोट धरून हसले. खोकला लागेपर्यंत हसले. यादवचं तोंड लाल झालं.

“हसा. तुम्हीही हसा.”

“अरे, तुला नाही.” नानांनी डोळे पुसले. “त्याच्याकडे बघ. तू निदान पळालास. त्या बिचाऱ्याचं घरच उलथलं.”

ते फूल नानांच्या गुडघ्यापाशी पडलं होतं. कोळी अजून त्यावरच होता. सगळे पाय पोटाशी घेऊन, गोळी होऊन, मेल्यासारखा.

“मेला?” यादवनं लांबूनच विचारलं.

“थांब.”

दोघं थांबले.

बऱ्याच वेळानं एक पाय सुटला. मग दुसरा. पुढचे दोन पाय लांब होते. ते त्यानं हळूहळू पसरले आणि कुणाला कवेत घ्यायला बसावं तसा तो फुलावर बसून राहिला. अंग झेंडूसारखंच पिवळं. उन्हात पाय काचेसारखे दिसत होते. यादव नको नको म्हणत बघत होता, पण बघत होता.

“जाळं कुठे आहे याचं?”

“हा जाळं विणत नाही. बसतो. माशी आपल्या पायानं येईल तोवर बसतो. कधी कधी येत नाही. गेल्या पंधरवड्यात हा शेवंतीवर होता, तेव्हा पांढरा होता. झेंडूवर आला. मग रोज थोडा थोडा पिवळा झाला.”

“हाच कशावरून?”

“मागचा एक पाय नाही त्याला. बघ.”

यादवनं पाहिलं. खरंच नव्हता.

“म्हणजे फसवतो,” तो म्हणाला. “फुलाचं सोंग घेऊन बसतो.”

यादवच्याच कानाला ते वाक्य कसंतरी लागलं; त्या दोन खोट्या शिंका आठवल्या. त्यानं उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली.

“तुला ही भीती लागली कधी?” नानांनी फुलं गोळा करता करता विचारलं.

“लहानपणापासून आहे.”

“पोटातून घेऊन आला नसशील.”

यादव आठवत राहिला.

“आई भ्यायची. आमच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कातीण, म्हणजे घरातला मोठा कोळी, यायची, ही एवढी, तळहाताएवढी. आई म्हणायची, अंगावर मुतली तर फोड येतात. ती दिसली की आई ओरडायची आणि...” तो अडखळला.

“आणि?”

“आणि धावत येऊन मला उचलायची. छातीशी घट्ट धरायची. तिचं काळीज धडधडायचं, ते मला इथे लागायचं.” त्यानं गालावर हात ठेवला. “मला अजून बोलताही येत नसेल तेव्हा.”

नाना फुलं गोळा करायचे थांबले.

“मग? मंडपात किंचाळलास, तेव्हा कुणी उचललं?”

यादवनं मान खाली घातली. त्याची आई जाऊन वर्षं झाली होती. नानांनाही ते ठाऊक होतं.

नाना फुलांकडे वळले. एक फूल उचललं. उलटं धरलं. टिचकी मारली. थांबले.

“हे तुम्ही का करता?” यादवनं नाक ओढत विचारलं.

“काय?”

“टिचकी मारून थांबता ते. जीव दोऱ्यात अडकू नये म्हणून?”

“तेही आहे. पण आधी, माझ्या हातावर चढू नये म्हणून.”

“का?”

“का म्हणजे? भीती वाटते.”

यादव बघतच राहिला.

“तुम्हाला?”

“अंगावर चढला तर मीही उडी मारीन. या गुडघ्यांनी जमेल तेवढी.”

“अहो नाना! मग मी तुमच्याकडे आलो कशाला?”

“मीही सकाळपासून तेच विचारतोय.”

यादवला हसू फुटलं आणि त्याच वेळी रागही आला. एवढी वर्षं ज्यांच्या पायाशी बसलो, तो माणूस मुगाएवढ्या किड्याला भितो, आणि तरी रोज सकाळी त्याच वाफ्यात हात घालतो. याला काय म्हणावं, ते त्याला कळेना.

“तो बसलाय ते फूल बाजूला ठेवू?” त्यानं विचारलं.

मंडपातून हाक आली म्हणून नाना उठून आत गेले.

यादव तिथेच बसून राहिला. निघून जायला हरकत नव्हती. पिशवी खांद्यालाच होती.

तो गेला नाही.

दुपारी मंडप भरला. वडजीची माणसं, आसपासच्या वाड्यांवरची माणसं. पुढे म्हाताऱ्या बाया, मागे खांबांना टेकून पुरुष. ‘कोळीबुवां’ची गोष्ट इथेही पोचली होतीच. यादव उभा राहिला तेव्हा मागून कुजबुज झाली आणि दाबलेलं हसू आलं.

पूर्वार्ध त्यानं कसाबसा पुरा केला. आवाज कोरडा होता. मधे थांबायची वेळ झाली.

नाना उठले. इथले यजमान तेच. बुक्का लावला. देवाच्या गळ्यातला हार काढून दोन्ही हातांत धरला आणि यादवपुढे आले.

“नाना,” यादव ओठ न हलवता म्हणाला, “बघून ओवलाय ना?”

“बघून ओवलाय.”

“म्हणजे नाही ना यात?”

नानांनी हार थोडा पुढे केला.

“आहे?”

नानांनी हार तसाच धरून ठेवला.

मागून अंबादास टेलरचा आवाज आला. हा माणूस वडजीत कुणाची गंमत करायची संधी सोडत नसे. “बुवा, जपून बरं का! हार जित्ता हाय!”

मंडप हसला. पुढे बसलेल्या गयाबाई मागे वळून म्हणाल्या, “गप रे अंब्या, तुझं तोंड शिव आधी.” त्यावर आणखी हसले.

यादवनं मान पुढे केली नाही. मागेही घेतली नाही. त्यानं हार नानांच्या हातात तसाच राहू दिला आणि खाली वाकून बघायला लागला. पहिलं फूल. दुसरं. घाई नाही. एवढ्या लोकांसमोर, बायकांनी तांदूळ निवडावेत तसा.

“काय करताय बुवा?” कुणीतरी ओरडलं.

“बघतोय,” यादव म्हणाला. “मला कोळ्याची भीती वाटते. म्हणून बघतोय.”

हसू यायला हवं होतं. आलं नाही.

हाराच्या अगदी खालच्या फुलावर तो होता. पुढचे पाय पसरून बसलेला. मागचा एक पाय नसलेला.

नानांनी हा हार बघून ओवला होता.

यादवनं बोट पुढे केलं. त्यानं ते फुलाला टेकवलं. कोळ्यानं पाय आखडले. थांबला. यादवही थांबला. मग एक पाय बोटावर आला. मग दुसरा.

यादवच्या घशातून बारीक आवाज निघाला. पण हात तिथेच राहिला.

तो वळला आणि तसाच हात पुढे धरून मंडपातून चालत निघाला, अंगणातल्या तुळशीकडे. आणि मग वडजीच्या मंडपात जे झालं ते बघण्यासारखं होतं. बायांनी पदर आवरले, “अगं बाई, इकडं नको, इकडं नको!” पुरुष गुडघे पोटाशी घेऊन सरकले. पेटीवाला पेटी उचलून उभा. यादव खांबापाशी पोचला तसा अंबादास टेलर टुणकन उडी मारून शेजाऱ्याच्या मांडीवरच बसला.

“आता रं?” शेजारी म्हणाला. “आरं ऊठ की!”

“जाऊ दे त्याला आधी,” अंबादास म्हणाला. डोळे मिटलेले होते.

तुळशीच्या मंजिरीला यादवनं बोट लावलं. कोळी उतरला. जाताना मागे एक बारीक धागा सोडत गेला, उन्हात क्षणभर दिसेल एवढाच. यादव त्याच्याकडे बघत राहिला. मग तो परत आला, नानांपुढे मान वाकवली, हार गळ्यात घेतला.

आख्यान सुरू झालं.

छाती फुगली नाही. आवाज चढला नाही. खड्ड्याच्या प्रसंगाशी तो आला आणि थांबला. पेटीवाल्यानं सूर धरून ठेवला. “आणि पोर हसतंय,” हे वाक्य लोकांना पाठ होतं. काही जणांचे ओठही हलले.

यादव म्हणाला, “पोराला टाकलं खाली. अंधार. काहीतरी पायावरून चाललंय... न विचारता. पोर भ्यालं. फार भ्यालं. आपल्याला कुणी उचलून घेत नाही, हे त्याला पहिल्यांदाच कळलं. मग त्यानं नाम घेतलं. मोठ्यानं नाही. रडत रडत घेतलं.”

कुणी हललं नाही. गयाबाईंनी पदर तोंडाशी धरला. मागे अंबादास टेलर खांबाला टेकून वर आढ्याकडे बघत होता.

यादवनंच मग चाल धरली आणि हळूहळू सगळा मंडप मागून म्हणू लागला.

कीर्तन आटोपलं, प्रसाद वाटला, माणसं पांगली. यादव नानांच्या पायाशी येऊन बसला. हार अजून गळ्यात होता. अंग घामानं भिजलेलं होतं.

“नाना, भीती गेली नाही.”

नाना नदीकडे बघत होते.

“आणि आख्यान बिघडवलं मी. पोथीत पोर हसतं, नाना. सरळ लिहिलंय, खड्ड्यात ते हसलं म्हणून. मी त्याला रडवलं... पाप लागेल का?”

नाना उठले. गुडघा धरत धरत, भिंतीचा आधार घेत. दारापाशी गेल्यावर म्हणाले,

“पोथी लिहिणारा खड्ड्यात नव्हता.”